मळे की मने

पहाणीपत्रावर फोन धरायचा, एवढंच.
कन्नड अक्षरं आधी थरथरतात,
मग त्याच कागदावर, तितक्याच वाकड्या ओळीत
मराठी उभी राहते.
बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.
चाळीस वर्षं खानापुरात
हा कागद ते दुसऱ्याकडून वाचून घेत आले,
चहा पाजून.

सर्व्हे नंबर बरोबर. गुंठे बरोबर.
खातेदाराच्या रकान्यात मात्र
कल्लाप्पा रवळू घाडी नव्हतेच,
तिथे आला होता
‘दगडबाप’.
"काय म्हणूलालंय गे हे?"
कल्लु म्हणजे दगड, अप्पा म्हणजे बाप, मी म्हटलं.
बाजारापुरतं कन्नड त्यांना येतं,
पण स्वतःचं नाव
कधी फोडून पाहिलं नव्हतं.

मग छंदच लागला.
बसची पाटी, खताचं पोतं, खोकल्याची बाटली,
कुणाकुणाच्या लग्नपत्रिका.
घरभर फोन पुढे धरून फिरले,
बॅटरी घेऊन साप शोधावा तसे.
आणि फडताळात, डाळीच्या डब्यामागे,
आईची दुधाच्या हिशेबाची वही.

आई बैलहोंगलकडची.
मराठी बोलते आमच्याहून ठसक्यात,
भांडतेही त्यातच,
लिहिते मात्र माहेरच्या लिपीत.
ते वाचायला कुणी मागितलं नव्हतं.

‘अर्धा लिटर. अर्धा लिटर. पाव.
म्हैस आटली.
सरूला ताप.’
(सरू म्हणजे मी.)
मग एक ओळ, शाईवर थेंब पडून फुगलेली:
‘आज पाऊस आला नाही.’
बाबांचा हात हलला.
‘आज घरी आले नाहीत.’
पुन्हा पाऊस. पुन्हा घर.

मळे म्हणजे पाऊस. मने म्हणजे घर.
कन्नडात ळ आणि न यांच्यात एखाद्या वळणाचा फरक,
आणि ते वळण नेमकं थेंबाखाली.
यंत्राला ठरवता येईना.
मी वर तारीख पाहिली: बारा मार्च.
मार्चात पावसाची वाट
कोण बघतं इथे?
कौलांच्या कारखान्यात मात्र तेव्हा
रात्र रात्र भट्टी पेटलेली असायची.

बाबांनीही पाहिली असावी तारीख.
उठून परसात गेले, आई भांडी घासत होती तिथे,
आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला
कन्नडात काही विचारलं:
"मळे? मने?"

आईने हात पदराला पुसले. फोन घेतला.
वहीकडे पाहिलं नाही.
काच बाबांच्या तोंडासमोर धरली.
चौकट त्यांच्या कपाळावरून,
भट्टीत भाजलेल्या भुवईवरून फिरत राहिली,
आणि खाली दोन ओळी आल्या:
मजकूर सापडला नाही.
थोडं जवळ धरा.

"काय लिहिलंय गे?" आईने विचारलं.
तिला मराठी वाचता येत नाही.
मी वाचून दाखवलं.
पहिली ओळ गाळली.