पेरू : जाणाऱ्यांसाठी प्राथमिक माहिती

पहिली गोष्ट, हे फळ नाही.
हे मी सर्वांत वर लिहिलं, ठळक अक्षरात,
कारण कॅनडा कॉर्नरच्या आमच्या ऑफिसात
मोहाडीचे सात आणि ओझरचे चार बागाईतदार
दोन दिवस त्याच विनोदाला
तिखट-मीठ लावून
व्हिसाचे फॉर्म भरत होते.

राजधानी लिमा. समुद्रकाठी,
तरी पाऊस जवळजवळ नाहीच.
नुसतं धुकं भिजवतं, त्याला गारुआ म्हणतात.
मी दोनदा तपासलं. गारवा नाही, गारुआ.
पण छत्री नको, स्वेटर न्या,
म्हणजे तेच की.

चलन सोल. अर्थ सूर्य.
आई लसूण पुढे सरकवून म्हणायची तो नव्हे.
बटाट्याला म्हणतात पापा, जाती हजारोंनी.
मोगलकाका म्हणाले,
एवढे पापे घेतल्यावर माणूस परत येतो का?

नळाचं पाणी पिऊ नका.
पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी,
दाखला जपा, परतताना विमानतळावर तोच मागतील.
कुस्को अकरा हजार फुटांवर :
कळसूबाईवर कळसूबाई ठेवली
तरी शंभरेक मीटर चढ उरतोच.
पहिल्या दिवशी हळू चाला.
कोकाच्या पानांचा चहा तिथेच प्या,
पानं खिशातून आणू नका.
हे ढिकल्यांसाठी अधोरेखित.

इका. लिमाच्या दक्षिणेला तीनशे किलोमीटर,
वाळवंट, आणि त्यात द्राक्षं.
नोव्हेंबरात त्यांची काढणी,
आपली गोडी छाटणी नुकती उरकलेली असते तेव्हा.
त्यांचा माल संपत येतो
आणि आपला पहिला कंटेनर निघतो.
म्हणून तर चाललेत, देवदर्शनाला नव्हे.

बाराजणांत एकच बाई, यमुना निरगुडे.
पॅकहाउसात नऊ वर्षं, कंपनीने पाठवलेली.
पत्रक तिने एकटीने पूर्ण वाचलं, बोट ठेवून,
आणि विचारलं,
"तिथं काढणीला बायकाच असतात का?"
माझ्याकडे लोकसंख्या होती,
व्होल्टेज होतं, दोनशे वीस.
हे नव्हतं.

तीन आठवड्यांनी सकाळी सहाला फोन.
मी फाटकाशी, हातात कचऱ्याची बादली.
"ताई, बायकाच आहेत हो.
कात्रीचा घट्टा पण तिथंच, अंगठ्याच्या मुळाशी.
एकीनं दाखवला, मग मी दाखवला,
मग बोलायला काही उरेना.
मुकादम ओरडला,
ते मात्र न शिकता कळलं.
आणि गंमत ऐका,
इथं अजून कालच आहे. संध्याकाळ."

साडेदहा तास मागे. कलम तेरावं, मीच टाईप केलेलं,
तेव्हा नुसता आकडा होता.

"कालचं काही राहिलं असेल तुमचं," ती म्हणाली,
"तर सांगा, करून टाकते."

होतं एक.
पण ते कालच्याही फार आधीचं,
आणि घंटागाडी वळणावर आली होती.