फळ्यावरची चूक

गेटाशी फळा आहे. तो माझ्याकडे.
सत्तावीस वर्षं. आधी ओल्या फडक्यानं पुसायचा,
वाळू द्यायचा, मग खडू.
वार, वेळ, विषय, वक्ते,
आणि खाली सगळ्यांत ठळक : प्रवेश विनामूल्य.

तरी येतात किती? आमच्या गंगापूर रोडवर
संध्याकाळी सगळ्यांना क्लासची घाई.
पुढच्या रांगेत प्राचार्य, मागे हजेरीसाठी
धरून आणलेली एस.वाय.ची पोरं,
आणि निवृत्त शेवाळे साहेब, जे कुठल्याही विषयावर
चहा येईपर्यंत झोपतात.

त्या मंगळवारी चिठ्ठीवर होतं कृष्णविवर.
माझ्या हातानं लिहिलं कृष्णविवाह.
चष्मा घरी राहिला होता, अंबडला. दुसरं कारण नाही.

सव्वापाचला पंचवटीतून तीन रिक्षा आल्या.
अकरा बायका, भजनी मंडळाच्या,
एकीकडे झांजा, एकीकडे डब्यात साखरफुटाणे.
हॉलच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या,
ओळीनं, देवळाबाहेर काढतात तशा.
मी काय सांगणार? म्हटलं, बसा, पंखा लावतो.

बोरस्ते मॅडम तिशीच्या आतल्या, पुण्याहून आलेल्या.
पडद्यावर काळं वर्तुळ, भोवती केशरी कड.
"हाच का तो?" कुणीतरी हळूच विचारलं.
येताना मॅडमनी फळा वाचला असावा,
कारण त्या हसल्या नाहीत.
मोरीतल्या भोवऱ्यापासून सुरुवात केली,
आणि पोचल्या तिथं, जिथून
उजेडालाही निसटता येत नाही.

वच्छलाबाई गांगुर्डे उभ्या राहिल्या :
"आत गेलेलं परत येत नाही म्हणता,
मग तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

शेवाळे साहेब जागे झाले.
मॅडम जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"काठावरच्यांनी. पडता पडता जे उजळतात, त्यांनी."
बाईंनी मान हलवली. "मग बरोबर.
आम्ही घाटावरच राहतो," म्हणाल्या,
आणि मॅडमच्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

जाताना मला विचारलं, पुढचं कधी?
शुक्रवारी. मातीतले जिवाणू.
या वेळी चष्मा लावून लिहिलं. दोनदा तपासलं.
एखादी वेलांटी मुद्दाम चुकवावी का, असंही वाटलं.
नाही चुकवली.

शुक्रवार, साडेपाच. हॉलबाहेर
चपलांचे सात जोड.
आठवा बुटांचा. प्राचार्यांचे वाटतात.