दोन आठवड्यांत किती दिवस

फॉर्मवर नऊ प्रश्न आहेत.
ट्रेनिंगला सांगितलं होतं, कागदात बघून वाचू नका,
बाईच्या तोंडाकडे बघून विचारा.

स्मितलचं तोंड सुंगटांच्या टोपात.
डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा धागा काढायचा.
काजूच्या चिकाने बोटं भाजलेली, त्यावर खारं पाणी,
तरी हूं की चूं नाही.
पोर पाच महिन्यांची, झोळीत.
कारखान्यात परत जायला लागून दीड महिना.

कशातच मन रमत नाही, असं दोन आठवड्यांत किती दिवस?
"मन रमवूक येळ खय गावता?"
मी खूण करते: निम्म्याहून जास्त.

झोप?
पोर झोपली तरी ही जागी,
कौलांवर झावळ किती वेळा घासते ते मोजत.
भूक?
डबा परत येतो, कधी उघडलेलासुद्धा नसतो.
हे सासू सांगते, पडवीतून, पाखडता पाखडता, तक्रारीसारखं.
"आमका पाच पोरां झाली.
कोणी कागद घेवन इचारूक नाय इलो."

मग स्मितल बोलते, विचारलेलं नसताना.
दुपारी एकला छातीचा दगड होतो.
मुकादम दहा मिनिटं देतो.
मोरीत जाऊन ती दूध पिळून टाकते,
नळ मोठा सोडून,
बाकीच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून.
काय ऐकू जाऊ नये, ते मी विचारलं नाही.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

नववा प्रश्न मी नेहमी घाईने उरकते,
शेवाळलेली पायरी ओलांडावी तसा.
आज तो जिभेवर जड झाला, सावकाश आला.
स्मितलने हातातलं सुंगट न सोलताच टोपात टाकलं.
"खाडीच्या पुलार पोचलंय काय
माका माझ्याच पायांचा भय वाटता."

सूप थांबलं.
तांदळातला खडा चिमटीत धरून म्हातारी म्हणाली,
"तिसऱ्या खेपेक मी बावीच्या काठार जावन बसललंय.
हातातली कळशी आत पडली.
आवाज झालो म्हणान आज असंय."
चाळीस वर्षं हे घरात होतं,
आगळाच्या बाटल्यांमागे कुठेतरी.

मग तिनेच ठरवलं.
उद्यापासून एकच्या ठोक्याला
नातीला घेऊन ती कारखान्याच्या फाटकावर.
गुरुवारी वेंगुर्ल्याला, डॉक्टरीणबाईंकडे,
सकाळच्या एसटीने, तिघी.
पुलावरून एकटी जायची नाही.
मी नसले तर शेजारची, पण कोणतरी.
स्मितल रडली नाही.
टोपाकडे बघून म्हणाली, सुंगटं खराब होतील.
मी हेल्पलाइनचा नंबर लिहून फ्रिजवर चिकटवला,
लग्नाच्या आमंत्रणाशेजारी.

निघताना तिने दारात अडवलं.
"ताई, तुमका कोण इचारता?"
मी हसले. हसायची सवय आहे.

तीन महिन्यांचं मानधन थकलंय.
रात्री अकराला अॅपवर माहिती भरते.
धाकटा म्हणतो, आई, तू घरात असतेस तरी नसतेस.

पुलाच्या कठड्यावर पिशवी ठेवून एक कोरा फॉर्म काढला.
वर माझं नाव. पेन्सिलीने.
आठ खुणा पटापट झाल्या.
नववा तसाच ठेवला आहे.
तो तोंडाकडे बघून विचारायचा असतो.