आज कोंढव्यापर्यंत

गाडी चालवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ,
असं म्हणायचे मी.
मग मोडला तो नेमका डावा.
बोपदेवच्या तिसऱ्या वळणावर,
दिवाळीच्या आदल्या रविवारी.
खडी होती, मूठभर. फार नव्हती.

सगळी थंडी गाडी पंपाच्या खोलीशेजारी
निळ्या ताडपत्रीखाली,
आणि मी वर, तिसऱ्या मजल्यावर,
स्पंजचा पिवळा चेंडू दाबत,
दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी.
पाषाणला पारा आठावर आला म्हणे.
हुरड्याला सगळे गेले, माझ्यावाचून.
भावजय म्हणाली, "आता बिनगिअरची घ्या की वन्सं,
बावन्नाव्या वर्षी कशाला ही हौस?"
मी चेंडू दाबला. अकरावा.

होळी झाल्यावर ताडपत्री काढली.
बॅटरी मेलेली, टायर पोटावर बसलेले,
साखळीला कावेच्या रंगाचा गंज.
आणि किल्लीच्या भोकात माती.
कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं,
लिंपून, गुळगुळीत करून,
आतून कडी लावल्यासारखं.

तांबोळींनी उकिडवं बसून
माझ्याच हेअरपिननं ते कोरलं.
"जुनं पेट्रोल काढतो ताई, ब्रेकचं ऑईल बदलतो.
आणि तुमचं?"
माझं काय?
"तुमचं सर्व्हिसिंग झालं का?"

हेल्मेटही नवं घेतलं.
जुन्यावर तडा दिसत नव्हता, पण ते पडलं होतं माझ्याबरोबर,
आणि न दिसणाऱ्या तड्यांचं मला आता कळतं.
दुकानदार डबा उघडता उघडता थांबले.
पुण्यात स्वतःहून हेल्मेट मागायला आलेलं गिऱ्हाईक,
म्हणाले, बसा, चहा सांगतो.

रविवारी पहाटे शाळेच्या मैदानावर
आठ काढला.
एकोणिसाव्या वर्षी आळंदी रोडला काढला होता, तसा.
तेव्हा बाबा कुंपणापाशी उभे राहून
पाय टेकू नको, पाय टेकू नको, म्हणत होते.
आज टेकला. दोनदा.
बघायला फक्त एक कुत्रं, तेही जांभई देत.
मग ब्रेक. पुढचा, मागचा, दोन्ही मिळून,
विसावर, तिसावर,
बोटांना आठवतंय का पाहत.
बोटांना सगळं आठवत होतं.
मनगटाला दुसरंच काही.

साडेसातला रस्त्यावर आले.
लुल्लानगरच्या चढावर शिरीषाच्या शेंगा
चिरडून चिरडून काळा चिकट गूळ झालेला.
पूर्वी मला त्या दिसायच्या नाहीत.
आता शेंग दिसते, सांडलेलं डिझेल दिसतं,
कडेच्या रिक्षाचं वळू पाहणारं पुढचं चाक दिसतं,
ड्रायव्हरनं अजून ठरवलेलं नसताना.
एक टेम्पो उलट्या बाजूनं आला, हॉर्न वाजवून
माझीच चूक असल्यासारखा बघून गेला.
चार महिन्यांत माझी सवय गेली म्हणावं
तर रस्त्याला माझी कधी सवय होती?

कोंढवा संपता संपता
बोपदेवची सोंड समोर आली,
वाळल्या गवतानं पिवळी.
वर जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते,
तिसरं वळण इथून दिसत नाही.
रसवंतीपाशी उभी राहिले, न्यूट्रलमध्ये,
पोटात ते ओळखीचं काहीतरी हललं.
मनगटातली प्लेट गार लागत होती, मार्च असून.
आरसा पाहिला. मान वळवून पाहिलं.
इंडिकेटर दिला.
आज इथवरच, असं मोठ्यानं म्हणाले,
हेल्मेटच्या आत, मला ऐकू येईल इतपत.
आणि वळले.

खाली पार्किंगमध्ये इंजिन निवताना
टिक टिक वाजत राहिलं.
किल्ली काढली, तर ती आली,
कंबर चिमटीएवढी, तोंडात ओल्या मातीचा गोळा,
भोकाभोवती फिरली, बसली, उडाली, परत बसली.
नवं घर कुठं बांधायचं
हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.
मी ताडपत्रीला हात लावला नाही.
हातमोजे काढत, जरा लांब,
उभी राहिले.