पावणेचौदा सेकंद

तांबट आळीत सकाळी आता तीनच हातोडे वाजतात.
भाऊंचा तिसरा, सगळ्यांत सावकाश.
उजवा कान चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी नेला,
डावा माझ्याकडे करून विचारतात,
"वैजू, तुमच्याकडे नेमकं कशावर काय मारतात?"

मी हंड्याच्या पोटावर खडूनं लिहिते :
बेरिलियम ११.
ह्याच्यातला एक न्यूट्रॉन घरचाच, पण घराबाहेर,
ओसरीच्याही पलीकडे अंगणात निजल्यासारखा.
आणि आयुष्य?
पावणेचौदा सेकंदांत निम्मे संपतात,
पुढच्या पावणेचौदांत उरल्यातले निम्मे.
कोण आधी, ते कुणालाच ठाऊक नसतं.
त्यांनाही.

"मग ह्याचा पत्रा कसा ठोकणार?"
भाऊ बरोबर तिथंच बोट ठेवतात.

पत्रा होतच नाही, भाऊ.
ज्याला थांबायला सवड नाही त्याचं निशाण करता येत नाही,
म्हणून आम्ही त्याचाच बाण करतो.
निशाण शिशाचं. ते बसून राहतं.

दुसऱ्याच कुणाला तरी फोडायचं,
त्या चुऱ्यातून हे पाखडून घ्यायचे चुंबकांच्या सुपात
आणि पाखडता पाखडताच सोडायचे.
शिशाजवळून जाताना
अंगणातला तो कधी सुटतो. बहुधा नाहीच सुटत.
आम्ही कोन मोजतो.
परवाच्या रात्रपाळीत कामाचे मिळाले एकशे बारा.

"एकशे बारा," भाऊ म्हणतात. हसत नाहीत.

थोडक्यात काय, मी म्हणते, तापलं की मारायचं.

"ते लोखंडाचं!" भाऊ एकदम चिडतात.
"तांबं लाल करायचं, पाण्यात विझवायचं,
निवलं की मग ठोकायचं.
घाई लोहाराला."

वर माळ्यावर लॅपटॉपमध्ये
अठ्ठावीस रात्रींची मोजणी पडून आहे.
जे फुटले नाहीत ते सगळे केव्हाच बोरॉन झाले,
आता कायमचे, कसलीही घाई नसलेले.
आणि मी मात्र तिसऱ्या दिवसापासून
निकाल कधी, निकाल कधी म्हणून
साहेबांना, स्वतःला, चहाच्या कपाला.

भाऊ हंडा मांडीवर घेतात, डोळे मिटून
त्याच्या पोटावर तळवा फिरवतात.
कान गेल्यापासून चीर अशीच शोधतात.
"आहे," म्हणतात, "इथं, केसाएवढी."
मला दिसत नाही.
त्यांच्या हाताला लागून खडू पुसला गेलाय.
बेरिलियम गेलं. अकरातला एक गेला.
एक हंड्यावर आहे अजून,
काठाकडे, जरा लांब.