तेल आधी गरम होऊ दे

काल संध्याकाळी येऊन नुसता मेन स्विच वर केला,
हीट पंप बंदच ठेवला.
सेक्रेटरी वाघुळकर बाईंना पटेना.
"मीटर फिरतोय, पाणी गारच,
मग तुम्ही आलात कशाला?"
म्हटलं, बाई, मे महिन्यापासून झोपलंय ते.
कॉम्प्रेसरच्या पोटात तेल थिजलंय, त्यात गॅस मुरलाय.
रात्रभर शेक लागेल.
शेक म्हटल्यावर पटलं. घरात बाळंतीण आहे त्यांच्या.

आज सकाळी सात. घणसोली, चौदा मजल्यांवरची गच्ची.
खाडीवर धुकं आहे की कारखान्यांचा धूर, कळत नाही.
मुनाफ पिशवी ठेवतो, कॉम्प्रेसरच्या पोटाला हात लावतो,
म्हणतो, कोंबडी नुकती उठलेली, त्या अंड्यासारखं लागतंय.
बरोबर. आता चालेल.

पण आधी जाळी.
खाडीची हवा खारट. पाच वर्षांत पात्या
पापडासारख्या हातात येतात.
साधं पाणी, वरून खाली, हळू.
मागच्या वर्षी कुणीतरी प्रेशर गन मारून
सगळ्या आडव्या झोपवून गेला होता.
मी कंगव्यानं एकेक उभी केली, दीड दिवस.
बायको म्हणाली, एवढ्या मायेनं
पोरीचे केस कधी विंचरले नाहीत तुम्ही.
खरंय.

गाळणीतून निघालं:
वाळू, टेफ्लॉनचा धागा, क्षाराचे पांढरे खपले,
आणि हिरव्या बांगडीचा तुकडा.
टाकी धुणारीची असेल.
मुनाफनं तो खिशात टाकला. मी विचारलं नाही.

हवेचा नॉब सैल केला.
आधी फुसफुस, मग थुंकी, मग धार.
धार सलग झाल्याशिवाय पिळायचा नाही,
हे ज्यानं शिकवलं
तो पॅनलच्या झाकणाआड अजून आहे,
मार्करनं, तिरक्या अक्षरात:
*जाताना ४८, येताना ४३. आवाज ऐक. सदाफुले.*
तारीख गंजानं खाल्ली.

ठाण्याच्या सिव्हिलमध्ये शेवटी
त्याच्या कपाळावर हात ठेवून मी आकडा सांगितला होता, एकशे तीन.
नर्सच्या थर्मामीटरनं वर दोन पॉइंट दाखवले.
डोळे न उघडता तो म्हणाला, चालतंय,
एवढा फरक धरायचा.

तिन्ही फेज तपासले. बटण दाबलं.
तीन मिनिटं काहीच होत नाही.
इथंच नवीन माणूस पुन्हा बटण दाबतो.
मुनाफचं बोट निघालं होतं, मी धरलं.
मग खट्.
मग पंखा, मग खालून ती घरघर,
आणि पायांवर गार वारा.

हसुराम वॉचमन मफलर आवळत आला,
"एसी लावला का रं?"
नाही काका, हवेतली ऊब काढून पाण्यात घालतोय.
"म्हंजे हिकरची उचलून तिकरं?"
तसंच.
"आमचे भातजमिनीचा पन तसाच झायला,"
म्हणाला, आणि खाली बघितलं,
सेक्टर सातच्या पार्किंगकडे,
बांध अजून दिसत असल्यासारखं.
मी गेजकडे बघत राहिलो.
तिथला काटा मला वाचता येतो.

एकतीस. चौतीस. एकोणचाळीसला चहा आला.
साडेदहाला बाईंचा फोन:
मालीशवाल्या मावशींनी बादलीत कोपर बुडवलं,
म्हणाल्या, जरा जास्तच झालं, विसण घाला.
बिलावर सही कुठे करू?

मुनाफला मार्कर दिला. सदाफुलेच्या खाली लिही:
जाताना ४७, येताना ४२.
लिहिलं. तारीख घातली.
"आणि आवाज?"
ऐक ना.
तो पत्र्याला कान लावून उभा आहे,
टोपण दातांत,
अजून काही लिहीत नाही.