तेरावा महिना

'महिना' नावाचं आमचं एक फंक्शन आहे.
वय तेवीस. जानेवारीला ते शून्य म्हणतं,
डिसेंबरला अकरा.
कुणी ठरवलं, का ठरवलं, नोंद नाही.

चुनाभट्टीच्या खोलीत रात्री पावणेदोनला
मी ती ओळ सरळ केली.
एवढंसं काम: शून्याच्या जागी एक.
चाचण्या हिरव्या झाल्या. दोन भांडी होती ती घासली, झोपले.

सतरा डिसेंबरला ससून डॉकवरून फोन,
बर्फाच्या कारखान्यातून, हिरावती नाखवा.
(नंबर कुठून मिळाला, विचारायचं राहूनच गेलं.)
भाच्याने हौसेने नवी आवृत्ती चढवली होती.
"बाई, पावतीवर तेरावा महिना आलाय.
मासळीचा दुष्काळ होताच."

गेले.
पायाखाली खवले, वितळतं पाणी.
कॉम्प्युटरवर दुधाची पिशवी कापून घातलेली,
की-बोर्डवरचा आठ खाऱ्या हवेने खाल्लेला.
प्रोग्रॅम तन्वीर मुकादमचा. तो मस्कतला आहे
की मातीत, यावर धक्क्यावर दोन मतं.
आत त्याने लिहून ठेवलं होतं:
महिना एकने कमी येतो.
माझं कुठे चुकतंय कळत नाही.
एक मिळवलाय. माफी.

माफी!
चूक आमची. त्याने आमच्या खड्ड्यावर
गुपचूप एक फळी टाकली,
वीस वर्षं तिच्यावरून बर्फाच्या लाद्या सरकल्या.
मी खड्डा बुजवला, नीट, ठोकून ठोकून,
तर फळी बोटभर वर आली
आणि डिसेंबर ठेचकाळला.

निहार चुरी म्हणाला, मोडू दे ना एकदाचं,
किती वर्षं चुकीला पोसायचं?
त्याचंही खरं आहे.
पण तो ससून डॉकला गेला नव्हता.

ओळ परत वाकडी केली.
शेजारी नवं फंक्शन लिहिलं, एकपासून मोजणारं,
नावावरून तीन दिवस वाद, शेवटी 'मास'.
हिरावतीबाईंना सांगितलं तर हसत सुटल्या:
"मास? म्हणजे आमच्याच पाटीतला की!"

जुन्याच्या माथ्यावर सूचना लावली:
नव्या कामाला हे वापरू नये.
सूचना कोण वाचतं.
म्हणून एक चाचणीही लिहिली, हात जरा अडखळला,
की जानेवारी शून्यच आला पाहिजे,
एक आला तर लाल दिवा.
आता ते चुकणं माझ्या नावावर आहे,
तारखेनिशी.

'मास'मध्येही माझं काहीतरी राहिलं असेलच.
सापडेल कुणाला तरी, भलत्या वेळी, भलत्या धक्क्यावर,
आणि तो मला न विचारता
एक वजा करेल.